काचेतला चहा

तपासणीच्या दिवशी हॉटेल बंद ठेवावं असं आत्याचं म्हणणं होतं आणि उघडं ठेवावं असं अप्पांचं. तेव्हा ते उघडं राहणार हे ठरलेलंच होतं. आत्या अप्पांची थोरली बहीण, सगळा भटारखाना तिच्या हातात, त्यामुळे तिचं बोलणं या घरात कोणी मध्येच तोडत नसे. ते पुरतं ऐकून घेत आणि मग अप्पा म्हणतील तसं करत.

"दार बंद दिसलं की माणूस विचारतो, आत काय दडवलंय," अप्पा म्हणाले. "उघडं असलं की आत येतो, चहा पितो, आपल्या वाटेनं जातो. आज सगळं नेहमीसारखं चालू राहील. सगळं."

खाली हॉटेल सुरू झालं होतं. कपबशांचा आवाज जिन्यातून वर येत होता. वर, घराच्या जेवणाच्या टेबलाभोवती, अप्पा, आत्या, थोरला आणि धाकटा बसले होते. थोरल्याची बायको, जिला सगळं घर थोरलीच म्हणे, टेबलाशी नव्हती. ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पायांवर शाल घेऊन होती. ऑपरेशननंतर ताठ बसलं की तिला दम लागे. बैठक तिच्याविषयी होती आणि ती बैठकीच्या जराशी बाहेर होती.

"पुन्हा एकदा म्हणून दाखव," अप्पा तिला म्हणाले.

थोरलीनं डोळे मिटले. "मी घरची आहे. मी हॉटेलात कामाला नाही. काचेच्या खोलीत मी अधूनमधून जात होते."

"अधूनमधून कशाला? माझ्या मर्जीनं, असं म्हण."

"माझ्या मर्जीनं," थोरली म्हणाली आणि तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत सगळे टेबलावरच्या साखरेच्या भांड्याकडे बघत राहिले.

काचेच्या खोलीची हकीकत तशी लांबलचक आहे, पण ती ज्या हसण्यातून सुरू झाली ते हसणं इथे सांगायलाच हवं. हॉटेलात सिगारेट ओढायची नाही असा नियम आला, त्याला आता दहाएक वर्षं झाली. तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक मालकानं तो आपापल्या स्वभावाप्रमाणे घेतला. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं टेबलांवरचे ॲशट्रे उचलून तिथे फुलं ठेवली आणि पहिलं वर्षभर माशा मारत बसला. मग हळूहळू त्याच्याकडे पोराबाळांना घेऊन माणसं यायला लागली. पलीकडच्या बिअरवाल्यानं खुर्च्या फुटपाथवर मांडल्या आणि फुटपाथ काही माझा नाही म्हणून कानांवर हात ठेवले. थेटराशेजारच्यानं 'धूम्रपानास बंदी' अशी भलीमोठी पाटी लावली आणि पाटीच्या खालीच काडेपेट्या विकायला बसला. अप्पांनी मात्र तो नियम मागवून घेतला, चष्मा पुसला आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली चालेल, असं त्यात होतं. ती चारी बाजूंनी बंद हवी, धूर बाहेर फेकणारा पंखा हवा, आणि त्या खोलीत कोणत्याही नोकराला कामासाठी पाठवायचं नाही.

"नोकराला," अप्पा म्हणाले होते. चष्मा काढून त्यांनी याच टेबलाभोवती नजर फिरवली होती. "सून काही नोकर नसते."

त्या दिवशी सगळे पोट धरून हसले. नियमाला असं त्याच्याच शब्दात पकडणारा मालक अख्ख्या रस्त्यावर दुसरा नव्हता. थोरलीसुद्धा हसली. तेव्हा तिची तिशी नुकती उलटली होती, मुलगी ठकी शाळेत होती, आणि सासऱ्यांनी सगळ्यांच्या देखत आपल्याला घरची म्हटलं याचा तिला खरोखर आनंद झाला होता.

मग हॉलच्या मागच्या बाजूला काचेची भिंत उभी राहिली. वेटर त्या खोलीला नुसतं 'काच' म्हणायला लागले. आतल्या बटणाची घंटा गल्ल्यावर वाजे, वेटर "काचेत तीन चहा" असं ओरडून ट्रे दाराबाहेरच्या स्टुलावर आणून ठेवी, आणि तिथून पुढे थोरली. वेटरांची काही तक्रार नव्हती, उलट ते खूश होते. पंखा पहिलं वर्ष चालला. त्याच्या घरघरीत बोलणं ऐकू येत नाही अशी आत रोज बुद्धिबळ मांडून बसणाऱ्यांनी कुरकुर केली तेव्हा थोरल्यानं तो बंद केला, तो पुढे तपासणीपुरताच लागे. हॉल ओस पडला तरी काच भरलेली असायची. हॉटेल तिच्यावर जगलं. हे कोणी नाकारत नव्हतं आणि थोरलीही नाकारत नव्हती.

"मला अजून एवढंच कळत नाही," अप्पा म्हणाले, "की त्या लोकांना सांगितलं कोणी?" आणि ते सरळ धाकट्याकडे बघायला लागले.

धाकट्याला हे अपेक्षित होतं. काच काढून टाका, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यासारखं स्वच्छ हॉटेल करा, असं तो दोन वर्षं सांगत होता आणि दोन वर्षं मूर्खात निघत होता. "माझ्याकडे काय बघता? मला सांगायचं असतं तर वहिनी आजारी पडायच्या आधी सांगितलं असतं."

"तूच म्हणत होतास ना, एक दिवस कोणीतरी तक्रार करील म्हणून?"

"म्हणत होतो. ती वेळ आली यात माझा काय दोष?"

"मी सांगितलं," थोरली खिडकीजवळून म्हणाली.

थोरल्यानं मान वळवली. आत्याच्या हातातला चमचा बशीवर वाजला.

"इस्पितळात पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वर्षं ओढता? मी म्हटलं, आयुष्यात हात लावला नाही. त्यांना ते पटेना. माझ्या केसांना वास येत होता म्हणे. मग त्यांनी विचारलं, काम काय करता?" थोरली दम घ्यायला थांबली. "मी म्हटलं, हॉटेलात चहा नेते, ओढणाऱ्यांच्या खोलीत. मला काय ठाऊक, त्यांना ते वर कळवावं लागतं. विचारलं म्हणून सांगितलं."

"खरं ते सांगितलंस," धाकटा एकदम म्हणाला. त्याच्या आवाजाला धार आली होती. "आणि आजही खरंच सांग, वहिनी. नोकरासारखं राबवलं तुला. म्हण तसं. बघू काय करतात."

"हॉटेल बंद करतात," अप्पा शांतपणे म्हणाले. "दुसरं काय करणार? नियम मोडला म्हणून परवाना जातो. मग तू स्वच्छ हॉटेल कुठे काढणार आहेस? बिअरवाल्याच्या फुटपाथवर?" धाकटा काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मी आता थकलोय. हे आजचं निभावलं की पुढचा हॉल तू चालव. तुझ्या पद्धतीनं. फुलं ठेव, नाहीतर काय वाटेल ते ठेव. काच तेवढी मागे राहू दे."

थोरला चपापला. पुढचा हॉल त्याला मिळणार होता; निदान लहानपणापासून त्याची तशी समजूत होती. पण बोलून वाद वाढवायची ही वेळ नव्हती, आणि बोलायची वेळ त्याच्या आयुष्यात तशी कधी आलीच नव्हती. धाकट्यानं आधी अप्पांकडे बघितलं, मग वहिनीकडे. नंतर त्यानं घड्याळाची पट्टी सैल केली आणि पुन्हा आवळली.

"वहिनी," तो म्हणाला, "तसं बघितलं तर तू घरचीच आहेस ना. खोटं काहीच नाही त्यात."

थोरलीला त्याचा राग आला नाही. दोन वाक्यांपुरता का होईना, तो तिच्या बाजूनं उभा राहिला होता. या घरात तेवढंही तिच्या वाट्याला आलं नव्हतं.

"मी म्हणेन तुम्ही सांगता तसं," ती अप्पांना म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

अट हा शब्द या टेबलाभोवती फक्त अप्पा वापरत. आत्यानं भुवया उंचावल्या.

"ठकीला काचेत पाठवायचं नाही. मी असताना नाही, मी गेल्यावरही नाही. मला शब्द द्या."

"हे काय भलतंसलतं बोलणं! तू कुठे चाललीस?" अप्पा म्हणाले.

"शब्द द्या, अप्पा."

अप्पांनी थोरल्याकडे बघितलं. आत्या खिडकीबाहेर बघत होती. "दिला," अप्पा म्हणाले. "ठकीचा बाप समोर बसलाय. त्यालाही विचार."

थोरलीनं नवऱ्याला विचारलं, "आता चहा कोण नेतं आत?"

"धाकटा नेतो," थोरला म्हणाला. धाकट्यानं मान खाली घातली आणि ती वर केली नाही.

थोरला मनानं वाईट माणूस नव्हता, हे लिहिताना हात आखडतो, पण ते खरं आहे. बायको इस्पितळात असताना तो रोज रात्री तिच्या उशाशी बसला होता. ठकी काचेत पहिल्यांदा गेली तेव्हा त्यानं तिला पाठवलं नव्हतं. घंटा वाजली, धाकटा बाजारात गेला होता, आणि कॉलेजातून आलेली ठकी "मी नेते ना, बाबा" म्हणून ट्रे घेऊन गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आठवड्यानंतर वेटरांनी आपोआप तिच्याकडे बघायला सुरुवात केली. थोरल्याला नाही म्हणावंसं रोज वाटे आणि तो ते उद्यावर टाके. आताही त्यानं स्वतःशी ठरवलं की ही तपासणी पार पडली की उद्यापासून आपण स्वतः ट्रे न्यायचा. ठरवल्यावर त्याला बरंच हलकं वाटलं.

खाली गल्ल्यावर बसलेल्या ठकीला या अटीचा पत्ता नव्हता आणि ती कळली असती तर तिला आवडली नसती. वीस वर्षांच्या ठकीला हॉटेल हवं होतं. काकाला नव्हे, बाबांना नव्हे, तिला. आजोबांनी ते ओळखलं होतं. काचेतल्या गिऱ्हाइकांची मर्जी सांभाळता आली तर गल्ला तुझा, असं ते तिला म्हणाले होते. काचेतले म्हातारे तिला मालकीणबाई म्हणत, तिच्याशी गप्पा मारत, आणि कोणाला साखर चालत नाही, कोणाला कॉफी कडक लागते, हे तिला तोंडपाठ झालं होतं. सुरुवातीला ती वर आईकडे जाण्याआधी केस धुवायची. मग तिच्या लक्षात आलं की औषधांनी आईचं नाक गेलंय, तिला जेवणाचासुद्धा वास येत नाही. तेव्हापासून तिनं केस धुणं सोडलं. यात आपण आईला फसवतोय असं तिला वाटलं नाही. आईला उगाच काळजी लावायची नाही, एवढंच.

तपासणीला अप्पांना पुरुष अपेक्षित होता. पुरुषाला कसं बसवायचं, काय बोलायचं, कधी हसायचं, हे सगळं त्यांचं ठरलेलं असे. आल्या एक मध्यमवयीन बाई, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. चहा नको म्हणाल्या. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायल्या.

थोरलीला आत्यानं धरून जिन्यानं खाली आणलं होतं. हॉलमधल्या भिंतीकडच्या टेबलाशी ती बसली, शेजारी आत्या. समोर निरीक्षक बाई, त्यांच्या डाव्या हाताला अप्पा. थोरला आणि धाकटा मागे उभे राहिले. तिथून हॉलच्या टोकाची काच सरळ दिसत होती. आत पंखा फिरत होता, धूर मावेल तेवढा बाहेर जात होता, आणि त्यात चार-पाच माणसं निवांत बसली होती. रोजच्यांना थोरल्यानं सांगून ठेवलं होतं की आज जरा घंटा वाजवू नका. पण दोन विक्रेते नव्यानं येऊन बसलेत हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

निरीक्षक बाईंनी आधी पंखा बघितला, दाराची फट बघितली, वेटरांना विचारलं. वेटरांनी एकमुखानं सांगितलं की आम्ही आत पाऊल ठेवत नाही. ते खरंच होतं. मग त्या थोरलीकडे वळल्या.

"बोलायला त्रास होत असेल तर सावकाश बोला," त्या म्हणाल्या. "इस्पितळातून आम्हाला कळलं की तुम्ही या खोलीत काम करत होतात."

"मी घरची आहे," थोरली म्हणाली. "मालकांची थोरली सून."

"कामाला नव्हतात?"

"नाही. आपल्याच घरचं हॉटेल. कधी कोणाला चहा हवा असला तर... माझ्या मर्जीनं."

निरीक्षक बाईंनी मान वर केली आणि क्षणभर तिच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना बहुधा अशी पुष्कळ घरं भेटली असावीत. "रोज जात नव्हतात?"

"नाही."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. अप्पांनी पाठ खुर्चीला टेकवली. धाकट्यानं मागे हळूच श्वास सोडला. थोरलीला स्वतःचा आवाज दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, पण तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. ठकीसाठी शब्द घेतला होता. त्याच्या बदल्यात एवढं द्यायला ती तयार होती.

तेवढ्यात घंटा वाजली.

गल्ल्यावरची ती घंटा सगळ्या हॉटेलला इतकी सवयीची होती की कोणी दचकलंसुद्धा नाही. भटारखान्यातून आवाज आला, "काचेत दोन कॉफी!" वेटरनं ट्रे आणला आणि स्टुलावर ठेवला. सगळं नेहमीसारखं चालू द्या, असं सकाळीच तर सांगितलं होतं.

आणि गल्ल्यावरून ठकी उठली.

थोरलीला आधी काहीच वाटलं नाही. पोर वेटरला काही सांगायला निघाली असेल असं तिच्या मनात आलं. ठकीनं ट्रे उचलला. काचेचं दार बसवल्यापासून खाली घासत असे. नवखा माणूस ते ढकलायला जाई आणि कपातलं निम्मं बशीत सांडे. थोरलीला ते जमायला पहिला हिवाळा गेला होता: ट्रे डाव्या हातावर तोलायचा, गुडघ्यानं दार किंचित वर उचलायचं, मग खांदा लावायचा आणि आत जाताना टाचेनं मागे लोटायचं. ठकीनं गुडघा लावला, खांदा लावला, आत गेली आणि न बघता टाचेनं दार लोटलं. कपातला थेंबही हलला नाही. आत कोणीतरी हसून काहीतरी म्हणालं आणि ठकी त्या धुरात उभी राहून हसत उत्तर देत होती.

हे दोन-चार दिवसांत येत नाही. थोरलीइतकं हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

तिनं नवऱ्याकडे मान वळवली. थोरल्याची नजर जमिनीवर होती. तिनं आत्याकडे बघितलं. आत्यानं डोळे चुकवले नाहीत, आणि त्या डोळ्यांत तिला दिसलं की आत्यालाही माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. सकाळी शब्द देताना अप्पांना माहीत होतं.

"मॅडम," थोरली म्हणाली, "ते खोडा."

"काय?"

"आत्ता लिहिलंत ते. मी रोज जात होते. सकाळी हॉटेल उघडल्यापासून बंद होईपर्यंत, इतकी वर्षं. ताप असला तरी. तो पंखा आज लावलाय, तो कधीच चालू नसतो."

"अगं, काय बोलतेस!" थोरला पुढे आला.

"सूनबाई," अप्पा म्हणाले. आवाज खालचा होता. मग ते निरीक्षक बाईंकडे वळून हसले. "औषधं फार जहाल आहेत हो तिची. कधीकधी भान राहत नाही. आत्ता एक बोलते, मग एक. मनावर घेऊ नका."

निरीक्षक बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आत्याकडे बघितलं, कारण आजारी बाईला धरून तीच बसली होती. "त्यांना भान नसतं का?"

आत्या साठ वर्षं भावाच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. नवरा गेल्यावर याच भावानं तिला घरात घेतलं होतं, आणि ते तिला कोणी विसरू दिलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही. भावाच्या असल्या कामी आलेली पहिली ठकी नव्हती आणि पहिली थोरलीही नव्हती, असं तिला त्या घडीला वाटलं. अप्पांच्या लाडक्या युक्त्या नेहमी घरातल्या कुठल्यातरी बाईच्या अंगावर शिवून घेतलेल्या असत. तिचा भाऊ तिच्याकडे बघत होता. लहानपणी काही चोरून खाल्लं की बघायचा, अगदी तसंच.

"पुरती शुद्धीत आहे ती," आत्या म्हणाली. "लिहा तुम्ही."

"ताई!"

"ओरडू नकोस. गिऱ्हाइकं आहेत."

काचेचं दार उघडलं. रिकामा ट्रे बगलेत धरून ठकी बाहेर आली आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून थबकली.

"ही कोण?" निरीक्षक बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी," थोरली म्हणाली. तिला दम लागला होता, शब्द तुटत होते. "तीही इथे कामाला आहे. माझ्या जागी. लिहा."

"मी कामाला नाहीये!" ठकी म्हणाली. "मी नात आहे मालकांची. आई, काय सांगतेस तू त्यांना? मॅडम, मी घरची आहे. मी माझ्या मर्जीनं जाते."

शब्द तेच होते. ते तिला कोणी पढवले नव्हते, ते तिचे स्वतःचे होते. थोरलीनं टेबलाची कड घट्ट धरली.

निरीक्षक बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "रोज चहा नेतो त्याला मी कामाला आहे असंच समजते," त्या म्हणाल्या. "नातं काय आहे ते माझ्या कामाचं नाही. फक्त रोज नेतात हे कोणीतरी सांगायला लागतं. ते यांनी सांगितलं." त्या उठल्या. "गिऱ्हाइकांचं खाणं होऊ द्या. मग दार लावून घ्या."

अप्पा त्यांच्यामागून दारापर्यंत गेले. ते हसत बोलायला लागले, मग विनवायला लागले, आणि शेवटी नुसतेच उभे राहिले. शेवटची गिऱ्हाइकं निघून गेल्यावर ते काचेत जाऊन बसले, दार घासत लावून घेतलं आणि एकामागून एक सिगारेट ओढत राहिले. पंखा धाकट्यानं केव्हाच बंद केला होता. थोड्या वेळानं आत अप्पा आहेत की नाहीत तेही नीट दिसेना.

थोरला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. थोरली वर जाताना त्याच्यापाशी थांबली. त्याला सरकावं लागलं.

"रस्त्यावर आणलंस सगळ्यांना," तो म्हणाला. "तुझी औषधं कशावर चालली होती, तेवढा तरी विचार करायचास."

"केला," थोरली म्हणाली. "तुम्ही फक्त धाकट्याचं नाव घ्यायला नको होतं."

एवढं बोलून ती आत्याच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढत गेली. वर पोचायला तिला बराच वेळ लागला. आत्यानं तिला खुर्चीत बसवलं, शाल पांघरली, आणि कधी नव्हे ते तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "मला आधी बोलायला हवं होतं," ती म्हणाली. थोरलीनं डोळे मिटून घेतले. तिच्याकडे उरलेला श्वास ती ठकीसाठी राखून ठेवत होती.

ठकी संध्याकाळ व्हायच्या सुमाराला आली. रडून झालं होतं, आता ती थंड होती.

"मला विचारलंस का?"

"नाही."

"आजोबा गल्ला मला देणार होते. तुला माहीत होतं?"

"आत्ता कळलं."

"मी चांगलं करत होते, आई. त्या लोकांना माझ्याच हातचा चहा लागायचा. बाबांना जमलं नसतं, काकाला नसतं. मला जमत होतं. तुला जे झालं ते तुला झालं. सगळ्यांनाच होतं का? इतकी वर्षं आजोबा ओढतात, त्यांना काय झालं?"

थोरलीला पुष्कळ बोलायचं होतं. मलाही जमत होतं, मलाही ते लोक नावाजत होते, मीही हसले होते, हे सगळं तिला सांगायचं होतं. पण खोकल्याची उबळ आली आणि ती गेली तेव्हा बोलण्याइतका दम राहिला नाही.

"इकडे ये," एवढंच ती म्हणाली.

ठकी आली नाही. तिनं पाण्याचा पेला आईच्या हाताला लागेल असा ठेवला, त्यावर झाकण ठेवलं, आणि दार ओढून घेऊन गेली. जिन्यावर तिची पावलं वाजत राहिली, मग खालच्या रिकाम्या हॉलमध्ये ती थांबली.

थोरलीनं मनाशी म्हटलं, पोरीचा राग आहे, जाईल. माझ्यासारखीच आहे, वर्ष-दोन वर्षं धरून बसेल आणि मग एक दिवस आपण होऊन येईल. ठकीच्या बाबतीत तिचा अंदाज अगदी बरोबर होता. राग दोन वर्षं टिकला. थोरलीला डॉक्टरांनी दिले होते ते पावसाळ्यापर्यंतचे महिने.